बाबांच्या प्रश्नाचं उत्तर : इथल्या कॉलेज फुटबॉलमधला पैसा

कोलंबस, ओहायो
डिसेंबर 2025

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार,

बाबा, परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही विचारलंत की तिकडं कॉलेजच्या पोरांना खेळायचे कोटी कोटी रुपये देतात हे खरं का, आणि खरं असेल तर त्याला शिक्षण कशाला म्हणायचं. तेवढ्यात आई जेवणाचं विचारायला लागली आणि विषय राहूनच गेला. पण मला तो सोडायचा नाहीये, कारण गेली चार-पाच वर्षं आमच्या गावात शनिवारी माणसं दुसरं काही बोलतच नाहीत आणि माझंही यावर पक्कं मत झालंय, म्हणून नीट लिहून पाठवतोय. लांब होईल, पण आईला पण वाचून दाखवा.

आधी हे सांगतो की हा आपला कोल्हापुरातला शाहू स्टेडियमवरचा फुटबॉल नव्हे. हा चेंडू हातात धरून पळायचा आणि समोरच्याला अंगावर घेऊन पाडायचा खेळ. आणि कॉलेजची मॅच म्हटल्यावर तुमच्या डोळ्यासमोर जे येईल त्याच्या कितीतरी पट मोठं हे प्रकरण आहे. आमच्या ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीचं स्टेडियम 1,02,780 माणसांचं आहे आणि ते भरतं. ज्या गटात आमची टीम खेळते त्या बिग टेनने 2022 मध्ये टीव्हीवाल्यांशी सात वर्षांचा करार केला, 700 कोटी डॉलरच्या वरचा. आमचे हेड कोच रायन डे यांना वर्षाला सरासरी सव्वा कोटी डॉलर मिळतात. आता विचार करा, एवढा पैसा ज्यांच्या जिवावर येतो त्या पोरांना 2021 पर्यंत काय मिळायचं तर फी माफ, खोली, जेवण, पुस्तकं आणि वर खर्चाला थोडा भत्ता, बस. बाहेर कुणाकडून एक डॉलर घेतला तरी खेळायला बंदी.

आई, तुला तर हे ऐकूनच कसंतरी होईल. 2014 मध्ये कनेटिकटच्या टीमने बास्केटबॉलची राष्ट्रीय स्पर्धा जिंकली आणि त्यांचा मुख्य खेळाडू शबाझ नेपियर पत्रकारांना म्हणाला की कधी कधी रात्री मी उपाशीपोटी झोपतो. देशातला सगळ्यात चांगला खेळाडू, त्याच्या नावाचे शर्ट दुकानात विकले जातायत आणि तो उपाशी. त्याच महिन्यात एनसीएएने, म्हणजे हे सगळे खेळ चालवणारी जी संस्था आहे तिने, जेवणावरची मर्यादा उठवली. तोपर्यंत किती खायला द्यायचं याचे पण नियम होते!

मी इथं शिकायला आलो तेव्हा आमच्याच युनिव्हर्सिटीत जे झालं ते तर मी डोळ्यांनी बघितलंय. 2010 च्या डिसेंबरमध्ये टेरेल प्रायर आणि आणखी चार खेळाडूंवर पाच-पाच मॅचची बंदी आली. गुन्हा काय, तर स्वतःला मिळालेल्या अंगठ्या, जर्सी आणि मिशिगनला हरवल्यावर प्रत्येकाला देतात ती सोन्याची छोटी पँट, हे त्यांनी विकलं, कुणी रोख पैशासाठी, कुणी टॅटूसाठी. स्वतःच्या वस्तू विकल्या हो, चोरी नाही केली. आणि मला तेव्हाही राग आला होता तो या गोष्टीचा की ती बंदी पुढच्या सीझनपासून लागू केली, जानेवारीतली शुगर बोलची मोठी मॅच मात्र त्यांना खेळू दिली. नंतर कोच जिम ट्रेसेल यांना माहीत असून सांगितलं नाही म्हणून राजीनामा द्यावा लागला, 2010 चे सगळे विजय रेकॉर्डमधून पुसले, आणि 2012 मध्ये आमची टीम 12 पैकी 12 मॅच जिंकूनसुद्धा त्याच शिक्षेपायी सीझननंतरच्या मोठ्या मॅच खेळू शकली नाही. आज तेच पोरगं उघडपणे सही द्यायचे पैसे घेऊ शकतं आणि वर जाहिरातीपण करू शकतं.

हे बदललं ते कोर्टामुळं. जून 2021 मध्ये सुप्रीम कोर्टाने नऊ विरुद्ध शून्य असा निकाल दिला की शिक्षणाशी संबंधित जादा मदतीवर एनसीएएला मर्यादा घालता येणार नाही, आणि लगेच 1 जुलैपासून स्वतःचं नाव, फोटो वापरून कमवायला परवानगी मिळाली. त्याला इथं सगळे एनआयएल म्हणतात. मग यंदा जूनमध्ये त्याहून मोठं झालं. हाउस नावाच्या खटल्यात तडजोड मंजूर झाली, 2016 पासूनच्या खेळाडूंना 280 कोटी डॉलर दहा वर्षांत द्यायचे आणि इथून पुढं प्रत्येक युनिव्हर्सिटी आपल्या खेळाडूंना थेट पैसे देऊ शकते, पहिल्या वर्षी जास्तीत जास्त 2 कोटी 5 लाख डॉलर, म्हणजे आपले 180 कोटीच्या आसपास. हा आकडा सगळ्या खेळांचा मिळून आहे, पण मोठ्या ठिकाणी त्यातला पाऊण वाटा फुटबॉलकडंच जातो. तर तुम्ही ऐकलंत ते खरं आहे, पण ते सगळ्यांना मिळत नाही, वरच्या काहींनाच कोटी मिळतात.

आता तुमचा प्रश्न, याला शिक्षण म्हणायचं का. बाबा, मी एमएस करत होतो तेव्हा टीए होतो ना, माझी फी माफ व्हायची आणि वर महिन्याला स्टायपेंड मिळायचा, त्यातनंच मी तुम्हाला पहिल्यांदा पैसे पाठवले. मी पोरांचे पेपर तपासायचो, लॅब घ्यायचो, त्याचे पैसे घ्यायचो आणि शिकायचोसुद्धा, आणि त्यामुळं युनिव्हर्सिटीचं पावित्र्य गेलं असं कुणी म्हणालं नाही. संगीत शिकणारा मुलगा शनिवारी हॉटेलात गिटार वाजवून पैसे घेतो त्याला कुणी अडवत नाही. मग आठवड्यातले तीस-चाळीस तास मैदानात आणि जिममध्ये घालवणाऱ्या पोरानेच तेवढं फुकट खेळायचं हे मला कधीच पटलं नाही. (एक मात्र आहे, आपल्यासारखं स्टुडंट व्हिसावर आलेलं पोरगं असेल तर त्याला हे पैसे घेणं फार अवघड आहे, बाहेर काम करायची मुभा नसल्यामुळं. शेजारी बसणाऱ्याला मिळतात आणि त्याला नाहीत. यावर इथं फारसं कुणी बोलत नाही.)

पैशावरून जेवढी भांडणं होत नाहीत तेवढी टीम बदलण्यावरून होतात. आम्ही मॅचच्या आधी पार्किंगमध्ये गाडीमागं ग्रिल लावून जमतो, तिथं आमच्या गल्लीतले एक आजोबा येतात, पन्नास वर्षांपासून त्यांचं सीझन तिकीट आहे. ते म्हणतात, पूर्वी पोरगं चार वर्षं आमच्यासमोर मोठं व्हायचं, आम्हाला त्याच्या आईवडलांची नावं माहीत असायची, आता दरवर्षी नवीन चेहरे, नंबर पाठ होईपर्यंत पोरगं दुसरीकडं. त्यांच्या डोळ्यात पाणी येतं बोलताना आणि मला त्यांचं दुःख खोटं वाटत नाही. 2018 मध्ये ट्रान्सफर पोर्टल सुरू झालं, म्हणजे नाव टाकलं की दुसऱ्या कॉलेजांना तुमच्याशी बोलता येतं. तरी टीम बदलली की एक वर्ष बाहेर बसायला लागायचं. 2021 मध्ये एकदा बदलायला सूट मिळाली, मग 2023 च्या शेवटी आमच्या ओहायोसकट काही राज्यांनीच एनसीएएला कोर्टात खेचलं आणि 2024 पासून अभ्यासात पास असलं की कितीही वेळा बदला. यंदा एप्रिलमध्ये टेनेसी युनिव्हर्सिटीचा क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारा, टीमचा मुख्य खेळाडू) निको इयामालेआवा टीम सोडून कॅलिफोर्नियातल्या यूसीएलए युनिव्हर्सिटीला गेला, बातम्यांत आलं की पैशावरून बिनसलं, तेव्हा तर आमच्याकडं दोन मित्रांनी महिनाभर एकमेकांशी बोलणं टाकलं होतं. शिवाय टेनेसीने तिकिटावर 10 टक्के टॅलेंट फी, म्हणजे खेळाडूंना द्यायच्या पैशासाठी जादा आकार, लावलीय, त्यामुळं आता खिशातनं देणाऱ्या माणसाला वाटतं की मी पैसे भरतोय तर पोरानं थांबलंच पाहिजे.

पण बाबा, याचं उत्तर तुम्हीच मला लहानपणी दिलंय. आपल्या तालमीच्या फुटबॉल टीममधला एक पोरगा सीझनच्या नोंदणीला दुसऱ्या तालमीकडं गेला होता, तेव्हा सगळी पेठ त्याच्याशी बोलायची बंद झाली, आणि तुम्ही चौकात उभं राहून सांगितलं होतं की त्याच्या घरची चूल कुणी पेटवणार असाल तर त्याला थांबवा, नाहीतर जाऊ दे. मी इथं त्या आजोबांना हेच सांगतो. ‘जो बरो’ या खेळाडूचं नाव सांगतो. हा ओहायोतल्याच अथेन्सचा पोरगा, आमच्या टीममध्ये तीन वर्षं बाकावर बसला, डिग्री घेतली आणि 2018 मध्ये लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटीकडं, म्हणजे एलएसयूकडं गेला, पुढच्या वर्षी देशातल्या सगळ्यात चांगल्या कॉलेज खेळाडूला देतात ती हायझमन ट्रॉफी मिळवली, टीमला चॅम्पियन केलं. तो इथंच थांबला असता तर कुणाचं भलं झालं असतं? आणि यंदाच्या जानेवारीत आम्ही नोट्रे डेमला 34-23 हरवून राष्ट्रीय विजेतेपद जिंकलो, तेव्हाचा आमचा क्वार्टरबॅक विल हॉवर्ड कॅन्सस स्टेटहून आलेला होता. त्या रात्री कुणी विचारलं नाही की हा इथला का तिथला, आजोबापण नाचले.

आणि निष्ठा फक्त पोरांकडनंच का मागायची? कोच लोक करार मोडून कधीही जातात. आत्ता 30 नोव्हेंबरला कोच लेन किफिन ओल मिस (मिसिसिपी युनिव्हर्सिटी) सोडून एलएसयूला गेले, टीम 11 मॅच जिंकून विजेतेपदाच्या प्लेऑफला निघालेली असताना. 2023 मध्ये टेक्सास ए अँड एमने जिंबो फिशर यांना काढलं तर घरी बसायचे साडेसात कोटी डॉलरच्या वर द्यायला लागले. एवढं सगळं मोठ्या माणसांना चालतं, मग एकोणीस वर्षांच्या पोराने चांगली जागा बघितली तर तो लगेच लोभी कसा होतो?

म्हणून माझं म्हणणं हे आहे की या पोरांना सरळ कामगार म्हणा. तुम्ही कारखान्यात युनियनचं काम केलंय, तुम्हाला हे पटकन कळेल. 1955 मध्ये कोलोरॅडोतल्या फोर्ट लुइस कॉलेजचा रे डेनिसन नावाचा खेळाडू मॅचमध्ये डोक्याला मार लागून गेला. त्याच्या बायकोने कामावर मृत्यू झाला म्हणून भरपाई मागितली आणि 1957 मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की कॉलेज काही फुटबॉलचा धंदा करत नाही, भरपाई नाही. त्या बाईच्या हाती काही लागलं नाही. आणि आज 700 कोटी डॉलरचे करार होऊनसुद्धा खेळाडू कामगार नाहीतच. 2014 मध्ये नॉर्थवेस्टर्न युनिव्हर्सिटीच्या पोरांनी युनियन करायचा प्रयत्न केला होता, पुढच्या वर्षी कामगार बोर्डाने आम्ही यात पडत नाही म्हणून तो अर्ज फेटाळला. आता पैसे मिळतात पण कामगाराचं संरक्षण नाही, त्यांच्या वतीनं बोलणारी युनियन नाही. युनियन असती तर दोन वर्षं थांबायचं का, किती पैशाला, दुखापत झाली तर काय, हे टेबलावर बसून ठरलं असतं आणि त्या आजोबांनापण त्यांचा खेळाडू जरा जास्त दिवस बघायला मिळाला असता. माझ्या मते दोघांचंही भलं यातच आहे.

मला काळजी वाटते ती खालच्या पोरांची. पोर्टलमध्ये नाव टाकलं म्हणजे घेणारं कुणी असतंच असं नाही, कितीतरी जण नाव टाकून बसतात, जुन्या कॉलेजने स्कॉलरशिप दुसऱ्याला दिलेली असते आणि नवीन कुणी विचारत नाही. कॉलेज बदललं की काही विषय धरले जात नाहीत, डिग्री लांबते. त्यात हाउस खटल्याच्या तडजोडीमुळं फुटबॉल टीममध्ये जास्तीत जास्त 105 जण, त्यामुळं फुकट येऊन घाम गाळणाऱ्या पोरांची जागा गेली. आणि काही कॉलेजांनी पैसे कमी पडतात म्हणून टेनिस, पोहणं असल्या टीम बंद केल्या. यात त्या मुलामुलींचा काय दोष?

हे सगळं आत्ता लिहायचं आणखी एक कारण आहे. माझ्या ऑफिसातल्या एकाचा मुलगा एका मधल्या युनिव्हर्सिटीत खेळतो, दोन वर्षं झाली, मैदानात फार उतरवत नाहीत त्याला. यंदापासून पोर्टल वर्षातनं एकदाच उघडणार, 2 ते 16 जानेवारी, आणि तो नाव टाकायचं म्हणतोय. त्याच्या बापाने मला करार दाखवला, सोडून गेलास तर काही पैसे परत द्यायचे असं कलम त्यात आहे, आणि दुखापतीबद्दल एकच ओळ आहे, तीपण गोल गोल लिहिलेली. एजंट म्हणतो बिनधास्त टाक. मी म्हटलं थांब, माझे वडील असले करार वाचण्यात आयुष्य घालवलेले आहेत. ती दोन-तीन कलमं मी मराठीत लिहून उद्या पाठवतो, बाबा तुम्ही चष्मा लावून नीट वाचा आणि सांगा की पोराने सही केलेल्या या कागदावर कॉलेजला आधी काय विचारायचं. 2 तारखेच्या आत कळवा.

आईला नमस्कार, ताईला मी रविवारी फोन करतो.

तुमचा,
संजू