सशाच्या खोक्यात कुत्र्यामांजरांच्या सूचना: नसबंदी काळजी-संचाबाबत तक्रार

पुणे
दिनांक: १२ जून २०२५

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग

विषय: मादी सशाच्या नसबंदीसाठी विकला जाणारा काळजी-संच व त्यातील मराठी सूचनापत्रकातील घातक चुका

महोदय/महोदया,

मादी सशाच्या शस्त्रक्रियेआधी आणि नंतर वापरायचा आपल्या कंपनीचा काळजी-संच आम्ही पुण्यातून दोनदा विकत घेतला. दोन्ही खोक्यांत तेच साहित्य आणि तेच चार पानी मराठी पत्रक निघाले. पत्रकाच्या तिसऱ्या पानावर ‘उलटी झाल्यास काय करावे’ असा परिच्छेद आहे. ससा उलटी करू शकत नाही. त्याच्या जठराच्या तोंडाशी असलेली झडप इतकी घट्ट असते की खाल्लेले अन्न वर येतच नाही. म्हणजे हा मजकूर कुत्र्यामांजरांसाठी लिहिलेला असून त्यात फक्त प्राण्याचे नाव बदलले आहे. ही छपाईची चूक समजून आम्ही गप्प बसलो असतो, पण याच गैरसमजातून पत्रकात पुढे जे सांगितले आहे त्याने सशाचा जीव जाऊ शकतो.

सर्वांत गंभीर सूचना पहिल्याच पानावर आहे: ‘शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री १२ वाजल्यापासून अन्नपाणी बंद.’ कुत्र्याला उपाशी ठेवतात ते भुलेत उलटी होऊन अन्न श्वासनलिकेत जाऊ नये म्हणून. जो प्राणी उलटीच करत नाही त्याला हे कारण लागू होत नाही. उलट सशाचे पोट सतत चालू राहावे लागते. त्याच्या मोठ्या अंधांत्रात (मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या पिशवीसारख्या भागात) सूक्ष्मजीव चारा आंबवतात आणि वरून तंतुमय चारा येत राहिला तरच आतडी हलत राहतात. चारा थांबला की आतडी मंदावतात, वायू साचतो, पोट दुखते, दुखते म्हणून ससा आणखी खात नाही. या चक्राला पशुवैद्य जीआय स्टॅसिस म्हणतात. लठ्ठ सशात उपासाने शरीरातली चरबी यकृतात जाऊन साठते, तो वेगळा धोका. आणि हे सगळे सोसून जठर रिकामे होते असेही नाही, रात्रभर उपाशी ठेवलेल्या सशाच्या जठरातही अन्न असतेच.

आपल्या सूचनेप्रमाणे हिशेब करून पाहा. रात्री १२ ला चारा काढला, सकाळी ८ ला दवाखान्यात नेले, १० ला शस्त्रक्रिया, दुपारी २ पर्यंत पूर्ण शुद्ध. म्हणजे पहिला घास मिळेपर्यंत १४ तास. घरात नुसता बसलेला ससा १२ तास खात नसेल तरी आम्ही लगेच डॉक्टरांना फोन करायला सांगतो, इथे तर आपणच तो उपास लिहून देता. योग्य सूचना अशी हवी होती: घरून निघेपर्यंत सुके गवत आणि पाणी समोर राहू द्यावे, पिंजऱ्यातही मूठभर गवत ठेवावे. भूल देण्याआधी तोंडात चावलेला चोथा राहू नये म्हणून तासभर, फार तर दोन तास खाणे थांबवायचे, आणि ते डॉक्टर सांगतील तेव्हा. पाणी बंद करायचे नाही.

आपल्या हेल्पलाइनवरही आम्ही विचारले. ‘आठ तास पोट रिकामे ठेवा’ हेच उत्तर दोन वेगवेगळ्या दिवशी दोन वेगवेगळ्या व्यक्तींनी दिले. म्हणजे चूक केवळ छापखान्यातली नाही.

शस्त्रक्रियेनंतरचे पान याहून वाईट आहे. ‘पहिले २४ तास झोपू द्या, उठवू नका’, ‘दोन दिवस खाल्ले नाही तरी काळजी नको’, ‘दहीभात किंवा सोबतची चव-जेल चाटवा’ अशी तीन वाक्ये एकाखाली एक आहेत. सशाने शुद्धीवर आल्यानंतर काही तासांतच काहीतरी तोंडात घ्यायला हवे. म्हणून दवाखान्यात जाताना पिशवीत नेहमीचे गवत, नेहमीचे पेलेट (सशाच्या तयार खाद्याच्या गोळ्या) आणि वासाने ओढ लावणारी कोथिंबीर किंवा पुदिन्याची काडी न्यावी. संध्याकाळपर्यंत आपण होऊन खाल्ले नाही तर डॉक्टरांना विचारून भरवायला घ्यावे: भरवण्यासाठी मिळणारी तंतुमय पूड, किंवा तातडीला दळलेले पेलेट कोमट पाण्यात भिजवून केलेली पातळ खीर. दिवसभरात वजनाच्या दर किलोमागे साधारण ५० मिली, चार-पाच वेळांत विभागून. सिरिंज समोरून घशाकडे रोखायची नाही. पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये जी मोकळी जागा असते तिथून बाजूने आत सरकवून एका वेळी मिलीभर सोडायचे, चघळून गिळले की पुढचे. घाई केली तर खीर फुप्फुसात जाते. एक अपवाद मात्र ठळक छापायला हवा: पोट ढोलासारखे ताणले असेल तर भरवायचे नाही, थेट दवाखाना गाठायचा. आतडे अडले असताना वरून भरवणे घातक ठरते.

दहीभात, केळे, गाजराचे तुकडे, बिस्किट हे सगळे पिष्ट आणि साखर आहे. आधीच मंदावलेल्या आतड्यात त्यावर नको ते जिवाणू वाढतात. मोठ्या सशाचे पोट दुधाच्या पदार्थांसाठी नाही. आपल्या जेलच्या घटकांत मका सिरप आणि यकृताचा अर्क छापला आहे. शुद्ध शाकाहारी प्राण्याच्या खोक्यात तो कुणी आणि का घातला, याचे उत्तर आम्हाला लेखी हवे आहे.

पत्रकात लेंड्यांचा उल्लेख एकदाही नाही. शस्त्रक्रियेनंतर सशाचे खरे वर्तमान लेंड्याच सांगतात. पहिल्या दिवशी कमी आणि बारीक लेंड्या येणे समजण्यासारखे आहे, पण २४ तासांत एकही नसेल तर वाट पाहायची नाही. हे कळावे म्हणून पिंजऱ्यात साधा धुतलेला पंचा किंवा वर्तमानपत्र अंथरावे, म्हणजे लेंड्या मोजता येतात आणि रक्ताचा डागही लगेच दिसतो. आपण मात्र जेल भरलेले, प्लास्टिकच्या पाठीचे शोषक पॅड दिले आहेत. ससा समोर येईल ते कुरतडतो. ती जेल पोटात जाऊन फुगली तर पुढे काय होईल ते सांगायला नको.

आता गळ्यात घालायच्या प्लास्टिकच्या कॉलरविषयी. पत्रकात ती ‘दहा दिवस, काढू नये’ अशी सक्तीची आहे. ससा रोज मऊ, चकचकीत, द्राक्षाच्या घोसासारख्या लेंड्या थेट गुदद्वारापाशी तोंड नेऊन खातो. ती घाण सवय नव्हे. ब जीवनसत्त्वे आणि प्रथिने त्याला तिथून मिळतात. कॉलर घातली की हे बंद, अंग चाटून साफ करणे बंद, कान खाजवणे बंद, आणि घाबरून खाणेही बंद. म्हणूनच सशाची शस्त्रक्रिया जाणणारे डॉक्टर विरघळणारे टाके त्वचेच्या आत लपवून घालतात, म्हणजे कुरतडायला दोऱ्याचे टोक सापडत नाही. वेदनाशामक नीट मिळाले तर बहुतेक माद्या जखमेच्या वाटेलाही जात नाहीत. एखादी फारच ओढत असेल तर मऊ कापडी कॉलर किंवा पोटाला बसणारे सुती अंगरखे डॉक्टरांच्या सल्ल्याने, नजरेखाली वापरावे. (काही ससे अंगरखाच चावून खातात, तेव्हा रात्रभर घालून सोडू नये.)

वेदनाशामकाचा तक्ता तर पूर्ण काढून टाकायला हवा. आपण मेलॉक्सिकॅमचे प्रमाण दर किलोला ०.१ मिलिग्रॅम छापले आहे. ते कुत्र्याचे आहे. सशाचे शरीर हे औषध लवकर बाहेर टाकते, म्हणून पशुवैद्य त्याला किलोमागे त्याच्या कैकपट, साधारण ०.३ ते १ मिलिग्रॅमच्या दरम्यान, प्रकृती पाहून देतात. आपला तक्ता पाळणारा माणूस प्रेमाने औषध देत राहील आणि ससा दुखण्याने कोपऱ्यात पाठ वाकवून, डोळे अर्धे मिटून, दात करकरा चावत बसेल. ससा ओरडून दुखणे सांगत नाही. सोबतची १० मिलीची सिरिंजही निरुपयोगी आहे. १.८ किलोच्या सशाला किलोमागे ०.५ मिलिग्रॅम सांगितले, तर १.५ मिलिग्रॅम प्रति मिली तीव्रतेच्या औषधाचे बरोबर ०.६ मिली भरावे लागते. अर्ध्या मिलीच्या रेघा असलेल्या सिरिंजवर ते कसे मोजायचे? १ मिलीची, ०.०१ च्या रेघांची सिरिंज काही महाग नसते.

याच पानावर ‘ताप किंवा पू असल्यास घरातील अमॉक्सिसिलिन सिरप चालेल’ असे वाक्य आहे. ते वाचून आम्ही हादरलो. तोंडावाटे दिलेले पेनिसिलिन गटातले अँटिबायोटिक, तसेच क्लिंडामायसिन आणि लिंकोमायसिन, सशाच्या आतड्यातले उपयोगी जिवाणू मारतात. त्या जागी क्लॉस्ट्रिडियम नावाचे घातक जिवाणू वाढून विष तयार करतात आणि जुलाब होऊन ससा दगावतो. हे सशांच्या उपचारातले अगदी प्राथमिक ज्ञान आहे. एवढ्या एका वाक्यासाठीही संच बाजारातून परत घ्यायला हवा.

उबेचा विषय आपण एका ओळीत गुंडाळला आहे: ‘हीटिंग पॅडवर ठेवा.’ ऊब हवी हे खरे. सशाचे नेहमीचे तापमान ३८.५ ते ४० अंश सेल्सिअस असते आणि भुलेत ते झपाट्याने उतरते. पण गुंगीतला ससा पॅडवरून सरकू शकत नाही, त्याची कातडी भाजते, आणि शुद्धीवर आला की तो आधी वायर कुरतडतो. कोमट पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून एका बाजूला ठेवावी, दुसरी बाजू मोकळी, म्हणजे हवे तिकडे त्याला सरकता येते. ही सूचना पूर्ण शुद्ध येईपर्यंतचीच. एप्रिल-मे मधल्या विदर्भात किंवा मराठवाड्यात घरी आणल्यावर उलट प्रश्न उभा राहतो. खोलीत तिशीच्या वर पारा गेला की ससा उन्हाळ्यानेच बेजार होतो. पावसाळ्यात माश्या. ओले, मळलेले बूड दिसले की माशी अंडी घालते आणि दिवसभरात अळ्या पडतात. दिवसातून दोनदा जखम आणि शेपटीखालचा भाग पाहावा. पाहताना सशाला उताणे करू नये. एकाने मागचे पाय नीट आधार देऊन छातीशी धरावे, दुसऱ्याने पाहावे. पाय मोकळे राहून झटका बसला तर सशाचा कणा मोडू शकतो.

शस्त्रक्रियेपूर्वीच्या तयारीत काही गोष्टी पूर्णच राहून गेल्या आहेत. वयाचा उल्लेख नाही. साधारण पाच-सहा महिन्यांनंतर ही शस्त्रक्रिया सोपी जाते, वय आणि वजन वाढले की गर्भाशयाभोवती चरबी साठून ती अवघड होते. तरीही मोठ्या मादीची ती टाळावी असे नाही, कारण गर्भाशयाचा कर्करोग हा नसबंदी न झालेल्या वयस्क माद्यांचा फार मोठा शत्रू आहे. खोट्या गरोदरपणाविषयीही एक शब्द नाही. मादी अंगावरचे केस उपटून घरटे करत असेल, सड भरले असतील, तर डॉक्टरांना आधी सांगावे. ही अवस्था बहुधा सोळा ते अठरा दिवसांत ओसरते आणि तोवर थांबणे चांगले. जोडीदार असेल तर दवाखान्यात सोबत न्यावा, वासाने अनोळखी झालेली मादी घरी परतल्यावर मारामारी होते. पण तो नर असेल आणि त्याचीही नसबंदी नुकतीच झाली असेल, तर चार ते सहा आठवडे तो प्रजननक्षम राहू शकतो हे लक्षात ठेवावे. आणि मादीचे पोट शिवलेले असताना तिच्यावर कुणी चढणे तिच्यासाठी वाईटच.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या सहाव्या प्रकरणात उत्पादनाच्या योग्य वापराच्या पुरेशा सूचना न दिल्याने झालेल्या हानीची जबाबदारी उत्पादकावर टाकलेली आहे. आमची मागणी अशी: दुकानांतील आणि ऑनलाइन विक्रीतील हे संच ताबडतोब थांबवावेत. विकल्या गेलेल्या संचांच्या ग्राहकांना उपास, अमॉक्सिसिलिन आणि वेदनाशामकाचा तक्ता या तीन सूचना रद्द झाल्याचा संदेश मराठीत पाठवावा. हे सर्वांत आधी, कारण कुणाच्या तरी मादीची शस्त्रक्रिया उद्या सकाळी असेल. नवे पत्रक सशांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्याकडून तपासून घ्यावे, हेल्पलाइनवरील व्यक्तींना तेच शिकवावे, आणि आमच्या दोन्ही संचांची रक्कम परत करावी.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास आम्ही १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवू व त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाऊ. सुधारित पत्रकाचा मसुदा वाचून देण्याची आमची तयारी आहे, त्याचे शुल्क नको.

कळावे,

आपले,
ससे सांभाळणारे काही ग्राहक, पुणे

सोबत: दोन्ही बिलांच्या प्रती, पत्रकाच्या चारही पानांची छायाचित्रे, जेलच्या घटकांच्या लेबलचे छायाचित्र