कुत्र्यांना रेबीजची लस : २८ सप्टेंबर, सकाळी ९ ते ११

सभासदहो, नमस्कार.

जागतिक रेबीज दिनी क्लबहाउससमोर आपल्या घरच्या कुत्र्यांना लस दिली जाईल. नावे २६ तारखेपर्यंत वॉचमनकडच्या वहीत लिहा.

• पिल्लू तीन महिन्यांचे झाले असेल तरच आणा. मोठ्यांच्या मागच्या लसीला वर्ष होत आले असेल, तर बूस्टर चुकवू नका. लसीचे कार्ड हवेच.
• गळ्यात पट्टा हवा. गेल्या वेळी 'आमचा काही करत नाही' म्हणता म्हणता दोघांची जुंपली होती!
• ताप, उलट्या, जुलाब असतील तर आणू नका, आधी डॉक्टरांना दाखवा.

आणि हो, घरचाच कुत्रा चावला तरी जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवा आणि लगेच दवाखाना गाठा. हळद-चुना लावत बसू नका.

– सचिव