जनुके आणि नोंदी जोडा, पण नाव त्यांच्यापासून वेगळे ठेवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘जीनोम इंडिया’ प्रकल्पातून मिळालेली सुमारे दहा हजार भारतीयांची जनुकीय माहिती ९ जानेवारी २०२५ रोजी संशोधकांसाठी उपलब्ध झाली. ती फरिदाबादच्या भारतीय जैविक विदा (डेटा) केंद्रात ठेवलेली आहे. नमुने घेताना स्वयंसेवकांच्या रक्ताच्या तपासण्या आणि शरीराची मोजमापेही घेण्यात आली होती, परंतु ती त्या एका दिवसाची स्थिती होती. त्याच माणसाला पुढे दहा वर्षांनी मधुमेह झाला का, कर्करोग झाला का, कोणते औषध लागू पडले, हे रुग्णालयांच्या, आरोग्य योजनांच्या आणि मृत्युनोंदणीच्या दप्तरांतच सापडते. ही दप्तरे जनुकीय माहितीशी जोडल्याशिवाय तिचा खरा उपयोग होणार नाही. म्हणून जोडणी व्हावी, असेच माझे मत आहे. ती कोणाच्या हातून आणि कशी व्हावी, हे मात्र आधी ठरले पाहिजे.

मी एका रुग्णालयाच्या अभिलेख विभागात वीसहून अधिक वर्षे काम केले. दोन कागदांवरचा माणूस एकच आहे हे ठरवणे किती अवघड असते, याचा अनुभव मी रोज घेतला. विशेषतः स्त्रियांच्या बाबतीत माहेरचे नाव, सासरचे नाव, वडिलांच्या जागी आलेले पतीचे नाव आणि काही घरांत लग्नात बदललेले पहिले नावही, अशा चार ओळखींत एकच रुग्ण विखुरलेली असे. केवळ नाव आणि जन्मतारीख जुळवून जोडणी केली, तर सर्वाधिक स्त्रियाच त्यातून गळतील आणि संशोधनाचे निष्कर्ष पुरुषांकडे झुकतील. यावर उपाय म्हणून आधार किंवा आभा (डिजिटल आरोग्य खात्याचा) क्रमांक थेट जनुकीय माहितीला चिकटवण्याचा मोह होईल. तो टाळावा, ही माझी कळकळीची विनंती आहे.

यापेक्षा सुरक्षित पद्धत ब्रिटनमधील वेल्समध्ये प्रत्यक्ष वापरात आहे. तेथील स्वान्सी विद्यापीठातील ‘सेल’ या विदापेढीत येणारी माहिती मूळ संस्थेतच दोन भागांत विभागली जाते. नाव, पत्ता, जन्मतारीख हा भाग एका विश्वासू त्रयस्थ संस्थेकडे जातो, आजार आणि उपचारांचा भाग विदापेढीकडे जातो. त्रयस्थ संस्था प्रत्येक व्यक्तीला एक सांकेतिक क्रमांक देते आणि त्याच क्रमांकावर पुढची जोडणी होते. ज्याला नाव दिसते त्याला आजार दिसत नाही आणि ज्याला आजार दिसतो त्याला नाव दिसत नाही. संशोधकालाही माहिती घरी नेता येत नाही. त्याला बंदिस्त संगणक व्यवस्थेत काम करावे लागते आणि बाहेर पडणारे प्रत्येक कोष्टक आधी तपासले जाते. अशी त्रयस्थ संस्था असेल, तर विवाहापूर्वीची व नंतरची नावे जुळवण्याचे नाजूक कामही तीच करू शकेल.

एवढी खबरदारी कशासाठी, असे काहींना वाटेल. जनुकीय माहितीवरून नाव पुसले तरी माणूस पुसला जात नाही, हे त्याचे कारण आहे. गाव, समाज, वय आणि एखादा दुर्मीळ आजार एवढे कळले, तरी आपल्याकडच्या लहान वस्तीत तो माणूस कोण, हे कोणीही सांगू शकेल. शिवाय ही माहिती त्या एकट्याची नसते. आइसलँडने १९९८ मध्ये साऱ्या देशाच्या आरोग्यनोंदी एकत्र करण्याचा कायदा केला, तेव्हा एका तरुणीने आपल्या दिवंगत वडिलांच्या नोंदी त्यात घालण्यास हरकत घेतली. वडिलांच्या आनुवंशिक गुणांवरून आपल्याविषयीही अनुमान काढता येईल, हे तिचे म्हणणे तेथील सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये मान्य केले. तो नियोजित संग्रह शेवटी उभाच राहिला नाही. लोकांना न विचारता घाई केल्यामुळे संशोधनाचेच नुकसान होते, असा त्याचा अर्थ मी घेतो.

आपल्याकडे २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात जनुकीय माहितीला वेगळा वर्ग नाही आणि ठरावीक निकष पाळल्यास संशोधनासाठी सवलत आहे. जनुकांच्या आधारे आरोग्यविमा किंवा नोकरी नाकारण्यास मनाई करणारा, अमेरिकेतील २००८ च्या कायद्यासारखा स्वतंत्र कायदाही आपल्याकडे नाही. सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराच्या निर्मूलन मोहिमेत नंदुरबार-गडचिरोलीतील तरुण-तरुणींच्या हाती वाहक असल्याची नोंद करणारे कार्ड येते. ते कार्ड लग्न ठरवताना आधार ठरावे की अडसर, हे त्या कुटुंबाने ठरवायचे आहे. ती नोंद त्यांच्या नकळत आणखी कोठे जाऊ नये.

महाराष्ट्राला या कामाची परंपरा आहे. मुंबईची कर्करोग नोंदणी १९६३ पासून चालू आहे आणि देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ मध्ये बार्शीला सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांतील गावोगाव कार्यकर्ते फिरले, लोकांशी बोलले, म्हणून त्या नोंदी उभ्या राहिल्या.

तेव्हा जोडणीचा पहिला प्रयोग करण्यापूर्वी केंद्र सरकारने त्रयस्थ संस्था कायद्याने स्थापन करावी, विमा कंपन्यांना व मालकांना ही माहिती वापरण्यास स्पष्ट मनाई करावी आणि ज्यांनी रक्त दिले त्यांना नव्या उपयोगासाठी पुन्हा विचारावे. त्यांच्यासमोर येणारे संमतीपत्र त्यांच्या भाषेत असावे आणि नंतर माघार कशी घ्यायची, हे त्याच्या पहिल्याच पानावर लिहिलेले असावे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त अभिलेखपाल, सोलापूर जिल्हा