फुरशाचे नाव पुसू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

राजापूर तालुक्यातल्या एका छोट्या खासगी रुग्णालयात मी एकोणीस वर्षे नोंदी विभाग सांभाळते. केसपेपर लावायचे, डिस्चार्ज कार्ड तपासायचे आणि डॉक्टरांनी लिहिलेल्या निदानाला आयसीडीचा, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाचा, कोड घालायचा हे माझे काम. या कोडवरून गेल्या हंगामात जे घडले ते वाचकांपर्यंत आणि सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांपर्यंत पोहोचावे म्हणून हे पत्र.

एप्रिलमध्ये सड्यावरच्या बागेत पालापाचोळ्यातून काजू वेचताना एका बाईंच्या तर्जनीला साप चावला. घरच्यांनी साप पाहिला होता, डॉक्टरांनीही खात्री केली. काचेच्या कोरड्या नळीत रक्त घेऊन वीस मिनिटे ठेवले; नळी तिरकी केली तर ते पाण्यासारखे वाहिले. केसपेपरवर डॉक्टरांनी लिहिले : ‘फुरसे चावले, उजवी तर्जनी, रक्त गोठत नाही’. मी टी६३.० हा सर्पविषाचा कोड घातला आणि विषारी सापाशी संपर्क, हे कारण नोंदवायला एक्स२०. सर्पविषावरची लस सुरू झाली, पण लघवी कमी होऊ लागली तसे बाईंना मोठ्या रुग्णालयात पाठवले. कागद संगणकावरून पुढे गेले.

रात्री त्यांच्या मुलाचा फोन आला, “ताई, इथे परत विचारतायत, साप कोणता होता?” तिकडच्या पडद्यावर फक्त टी६३.० उमटला होता. या कोडात नाग, मण्यार, घोणस, फुरसे सगळे एकच. डॉक्टरांचे शब्द मधल्या मधे गळाले. एक्स२० तर ‘अवैध कोड’ म्हणून फेकला गेला.

दुसऱ्या दिवशी मी खोदून चौकशी केली. सॉफ्टवेअरमध्ये भरलेली यादी अमेरिकेने स्वतःसाठी वाढवलेल्या आयसीडी-१०ची निघाली. तिच्यात एक्स२० नाहीच. जागतिक संघटनेच्या मूळ यादीत आहे. डेंग्यूचेही तसेच. मूळ यादीच्या नव्या आवृत्त्यांत डेंग्यू ए९७ मध्ये गेला, अमेरिकी यादीत तो ए९० वरच राहिला. कोड कोणत्या पुस्तकातला आणि कोणत्या आवृत्तीतला हे सोबत नसेल, तर नुसता कोड वाचून काय कळणार?

आरोग्याच्या नोंदी संगणकावरून जोडणारे केंद्राचे आयुष्मान भारत डिजिटल मिशन ज्या एफएचआयआर मानकावर, म्हणजे नोंदींची देवाणघेवाण कशी करायची याच्या ठरलेल्या साच्यावर, चालते, त्यात याची सोय आधीपासून आहे. निदानाच्या रकान्यात यादीची ओळख, आवृत्ती, कोड, कोडचे नाव आणि डॉक्टरांचे मूळ शब्द, प्रत्येकाला वेगळी जागा आहे. एका निदानाला दोन याद्यांचे कोडही शेजारी-शेजारी ठेवता येतात. निदान संशयित की नक्की, हेही लिहिता येते. भातलावणीच्या दिवसांत लेप्टोच्या (लेप्टोस्पायरोसिस तापाच्या) संशयावर किती जण दाखल होतात आणि तपासणीनंतर त्यातले किती लेप्टोचे निघतात, हे आम्हाला ठाऊक आहे. संशयाची खूण पुसली की सगळेच लेप्टोचे ठरतात. म्हणजे दोष मानकाचा नाही. सॉफ्टवेअरवाले एकटा कोड भरतात आणि बाकीच्या जागा रिकाम्या सोडतात.

माझे मागणे फार मोठे नाही. डॉक्टरांचे शब्द कधीही गाळू नयेत. यादीचे नाव आणि आवृत्ती नसलेला कोड पुढे पाठवू नये. ओळखीचा नसलेला कोड फेकून न देता जसाच्या तसा ठेवावा, त्यावर खूण करावी आणि माणसाला विचारावे. आयसीडी-११ १ जानेवारी २०२२ पासून लागू झाले आहे. उद्या जुन्या नोंदी त्यात नेताना जुना कोड खोडून नवा लिहू नये, दोन्ही ठेवावेत, कारण प्रत्येक जुन्या कोडाला नेमका एकच नवा जोडीदार मिळत नाही.

मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने सर्पदंशाचा राष्ट्रीय कृती आराखडा आणला, २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचे ठरवले. साप कोणता हेच नोंदीतून गायब होत असेल, तर कोणत्या तालुक्यात कशाने माणसे दगावतात हे कोण सांगणार? महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर जे काम केले, ते खाटेशेजारी बसून केलेल्या बारीक नोंदींतून उभे राहिले. त्यांनी प्राझोसिन हे औषध वापरून कोकणातली किती मुले वाचवली!

आमच्या सॉफ्टवेअरवाल्यांना मी दोनदा लेखी कळवले आहे, उत्तराची वाट पाहते आहे. बाई बऱ्या होऊन घरी आल्या. सॉफ्टवेअरवाल्यांचे उत्तर येईपर्यंत मी जुने लाल बांधणीचे रजिस्टर पुन्हा उघडले आहे. त्यात प्रत्येक नावापुढे हाताने लिहिते : फुरसे, घोणस, मण्यार किंवा ‘साप दिसला नाही’.

आपली,
नोंदी विभागातील एक कर्मचारी,
राजापूर, जि. रत्नागिरी