अधिवेशनातल्या त्या डॉक्टर ताईंचे आभार

संभाजीनगरच्या ज्या रिसॉर्टमध्ये आम्ही सुट्टीला उतरलो, तिथेच डॉक्टरांचं अधिवेशन भरलं होतं. लिफ्टला रांग, नाश्त्याला इडली संपलेली. खरं तर वैतागच आला होता. पण वेरूळचं १६ नंबरचं कैलास लेणं भर उन्हात बघून आल्यावर सासूबाईंना लॉबीतच भोवळ आली, आणि गळ्यात बिल्ला अडकवलेल्या एक ताई चर्चासत्र सोडून धावत आल्या. नाडी बघितली, पायाखाली उशी दिली, मीठ-साखरेचं पाणी घोट घोट पाजलं. फी विचारली तर नुसत्या हसल्या. शेकडो पाहुण्यांच्या जेवणाच्या धबडग्यातही स्वयंपाकघरातल्या दादांनी मुगाची मऊ खिचडी खोलीवर पाठवली, वर तुपाची धार! तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. सासूबाई ठणठणीत आहेत. आता अजिंठ्याचा हट्ट धरलाय, फक्त सोमवारी लेणी बंद असतात.