झेंडावंदन झालं की मुलांना ग्रामसभेत बसू द्या

प्रति,
संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मी माध्यमिक शाळेत २६ वर्षं इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवलं. ‘ग्रामसभा म्हणजे काय?’ याचं उत्तर माझ्या मुलांना तोंडपाठ असायचं: गावाच्या मतदार यादीत नाव असलेल्या सर्वांची सभा. या प्रश्नाला कुणाचे मार्क गेल्याचं मला आठवत नाही. पण एवढ्या वर्षांत मी स्वतः एकाही ग्रामसभेला गेले नव्हते. निवृत्तीनंतर, गेल्या २ ऑक्टोबरला पहिल्यांदा गेले. तिथं पाहिलेल्या गोष्टी मनातून जात नाहीत, म्हणून हे पत्र.

सभा अकराची होती. साडेअकरापर्यंत जेमतेम वीस माणसं जमली. गणपूर्तीला मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांतली जी संख्या कमी असेल तेवढी हजेरी लागते, हे मी फळ्यावर कितीदा लिहिलं असेल! प्रत्यक्षात हजेरीचं रजिस्टर गल्लीत फिरवून सह्या गोळा केल्या गेल्या. सह्या करणाऱ्यांत पदवीधर होते, नोकरदार होते. सही कशावर करतोय, हे एकानंही विचारलं नाही. अंगठा उठवणाऱ्यांना अडाणी म्हणायची आपल्याला सवय आहे. न वाचता केलेली सही त्याहून वेगळी कशी, हे मला कुणीतरी सांगावं.

बायका दाराजवळ भिंतीला टेकून बसल्या होत्या. प्रत्येक ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असा कायदा आहे, पण ती झाल्याचं त्यांच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. एका आजींना रजिस्टरवाल्यानं नाव विचारलं. त्या म्हणाल्या, “लिवा की, बाळूची आई.” त्यानंही तसंच लिहायला घेतलं. मी त्याला थांबवलं आणि आजींना त्यांचं स्वतःचं नाव विचारलं. त्या लाजल्या, शेजारणीकडं पाहिलं आणि मग हळूच सांगितलं.

वर्गात मी मुलांना १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीची हकीकत सांगत असे. मतदार यादीत स्वतःचं नाव न देता ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची आई’ असं सांगणाऱ्या बायका लाखोंनी होत्या. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी खरं नाव हवंच असा आग्रह धरला आणि सुमारे २८ लाख स्त्रियांची नावं यादीतून गेली. ही गोष्ट मी जुन्या काळातली म्हणून सांगायचे. पंचायतीत ५० टक्के जागा बायकांना राखीव असलेल्या आमच्या महाराष्ट्रात ती माझ्या डोळ्यांसमोर बसली होती.

सभागृहाला चार पायऱ्या आहेत, उतार नाही. कुबड्या घेऊन आलेला एक तरुण सभाभर खालीच उभा होता. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. त्या दिवशी नेमका तोच विषय निघाला, आणि ज्याच्यासाठी तो पैसा त्याच्यापर्यंत आवाजसुद्धा पोचत नव्हता.

त्या सभेत खरं नागरिकशास्त्र एकाच बाईनं दाखवलं. बचत गटाची सचिव, शिक्षण सातवीपर्यंत. विषय घाईघाईनं मंजूर होऊ लागले तशी ती उठली आणि म्हणाली, “आधी मागच्या सभेचं प्रोसिडिंग वाचून दाखवा.” ते इतिवृत्त वाचायला दहा मिनिटंही लागली नाहीत. त्यात तिच्या गल्लीतलं गटार पूर्ण झाल्याची नोंद निघाली. गटार अजून अर्धंच आहे. मी नंतर तिला विचारलं, हे सुचलं कसं? तिला प्रश्नच कळला नाही. “आमच्या गटात दर महिन्याला वाचतोच की, त्याबिगर सही कोण करतंय?” असं म्हणून ती घरी गेली. बारा वर्षं दर महिन्याला वही लिहून, हिशेब मोठ्यानं वाचून तिच्या अंगात हे भिनलं आहे. मी शिकवलेली व्याख्या माझ्या हुशार मुलांच्या अंगात तशी भिनली नाही, कारण मी ती कधी करूनच घेतली नाही.

गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाबद्दल आपण कौतुकानं बोलतो. २००९ मध्ये त्या गावाला सामूहिक वनहक्क, म्हणजे गावच्या जंगलावर सगळ्या गावाचा मिळून कायदेशीर हक्क, मिळाला. पण त्याआधी कितीतरी वर्षं तिथले लोक अभ्यासगटात बसून कायदे समजून घेत होते, बायकांसह सगळ्यांशी बोलून एकमतानं निर्णय घेत होते. कौतुक करताना त्या अभ्यासाचा भाग आपण गाळतो, याचं मला वाईट वाटतं.

माझी मागणी लहान आहे. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट हे बहुतेक गावांत ग्रामसभेचे दिवस असतात आणि त्याच सकाळी मुलं झेंडावंदनाला गणवेशात हजर असतात. खाऊ घेऊन ती घरी पळतात, तेव्हा शंभर पावलांवर सभेची सतरंजी अंथरली जात असते. नववी-दहावीच्या मुलांना शिक्षकांनी तिथं नेऊन बसवावं. त्यांना मत नाही, त्यांनी नुसतं ऐकावं आणि दुसऱ्या दिवशी वर्गात काय ठराव झाले ते लिहावं. यासाठी निधी लागत नाही. शाळेच्या वह्यांत ठराव उतरले की प्रोसिडिंगमध्ये भलतंसलतं लिहिणंही सोपं राहणार नाही. सभा शाळेच्या तळमजल्यावरच्या वर्गात भरवली, तर त्या तरुणालाही आत बसता येईल.

आमच्या मुख्याध्यापकांशी मी बोलले आहे. परवानगी कुणाकडून घ्यायची यावर गाडी अडली आहे. ग्रामसभेला प्रेक्षक म्हणून मुलांना नेण्याबाबत शिक्षण विभागानं एक साधं परिपत्रक काढलं, तर अनेक शाळांचा हा प्रश्न सुटेल. आपल्या वृत्तपत्रानं हा विषय लावून धरावा, ही विनंती.

आपली,
एक सेवानिवृत्त शिक्षिका