चुकीचे आठवडे धरून दिलेल्या डबल मार्कर रिपोर्टबद्दल तक्रार

सातारा
दि. 1 जुलै 2025

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
मुख्य प्रयोगशाळा, मुंबई

विषय: डबल मार्कर रिपोर्टमधील चूक, दुरुस्तीस झालेला विलंब आणि त्या चुकीच्या रिपोर्टवर केलेली विक्री

महोदय,

9 जूनला मी तुमच्या साताऱ्यातील कलेक्शन सेंटरवर डबल मार्करसाठी, म्हणजे बाळाला डाउन सिंड्रोम हा जन्मजात गुणसूत्रदोष असण्याचा धोका मोजणाऱ्या तपासणीसाठी, रक्त दिले. वय 29, पहिलेच बाळंतपण. फॉर्मवर शेवटच्या पाळीची तारीख लिहिली आणि त्याच दिवशी सकाळी केलेल्या एनटी सोनोग्राफीचा (तिच्यात बाळाच्या मानेमागची जाडी मोजतात) रिपोर्ट जोडला. तुमच्या माणसाने तो माझ्यासमोर फॉर्मला स्टेपल केला. पावतीवर ‘एनटी स्कॅन जोडला’ या रकान्यात बरोबरची खूणही आहे. 2,400 रुपये रोख भरले.

12 जूनला रात्री नऊच्या सुमारास व्हॉट्सअ‍ॅपवर रिपोर्ट आला. डाउन सिंड्रोमचा धोका 1:96, वर लाल पट्टी, ‘हाय रिस्क’. 1:250 च्या आतले सगळे तुम्ही लाल दाखवता, हे मला नंतर कळले. त्या रात्री फक्त लाल रंग कळला. 1:96 म्हणजे अशा 96 जणींपैकी 95 जणींची बाळे या दोषाशिवाय जन्मतात, एवढे एक वाक्य रिपोर्टखाली छापले असते तरी आम्ही थोडे झोपलो असतो.

आमचे डॉक्टर सोमवारपर्यंत गावाला. शुक्रवारी सकाळी दहा वाजता तुमच्याकडून फोन आला. मला वाटले, कुणी समजावून सांगायला केला असेल. तर ताई म्हणाल्या, “मॅडम, तुमचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आहे, एनआयपीटी करून घ्या. 16,000 ची टेस्ट आज बुक केलीत तर 13,500 ला.” एनआयपीटी म्हणजे आईच्या रक्तात मिसळलेल्या बाळाच्या डीएनएवरून करायची तपासणी. मुलगा की मुलगी ते सांगत नाही, कायद्याने बंदी आहे, हे त्यांनी मी न विचारताच सांगितले. माझे आठवडे कशावरून मोजले, हे मी विचारले तेव्हा मात्र “ते सॉफ्टवेअर काढतं” एवढेच उत्तर. आम्ही घाबरून 2,000 रुपये आगाऊ भरले. शिवाय एनआयपीटीसुद्धा चाळणीच आहे, तिच्यानेही निदान होत नाही, पक्के सांगायला गर्भजल तपासण्यासारखी वेगळी तपासणी लागते, हेही त्यांनी सांगितले नाही. ते सोमवारी डॉक्टरांनी सांगितले.

डॉक्टरांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि दोन मिनिटांत चूक दाखवली. माझी पाळी नेहमीच लांबते, त्यामुळे तारखेवरून 13 आठवडे 5 दिवस होत होते. सोनोग्राफीत बाळाची डोक्यापासून कुल्ल्यापर्यंतची लांबी 57 मिलिमीटर, म्हणजे 12 आठवडे 2 दिवस. तुम्ही तारीख धरलीत. दहा दिवसांचा फरक. डबल मार्करमध्ये आईच्या रक्तातल्या दोन गोष्टी मोजतात; या काळात त्यांतले पॅप-ए हे प्रथिन दिवसागणिक वाढत असते आणि फ्री बीटा एचसीजी हे संप्रेरक उतरत असते. बाळ दहा दिवसांनी मोठे समजले, की माझे पॅप-ए उगीच कमी दिसणार आणि बीटा उगीच जास्त. कमी पॅप-ए आणि जास्त बीटा ही तर डाउन सिंड्रोमकडे बोट दाखवणारी जोडी. रक्ताचे आकडे कदाचित अगदी बरोबर असतील, पण ते भलत्याच आठवड्याच्या फूटपट्टीने मोजले गेले.

त्यात एनटी, म्हणजे ती मानेमागची जाडी, माझ्या सोनोग्राफीत 1.2 मिलिमीटर. तुमच्या रिपोर्टमध्ये त्या जागी ‘उपलब्ध नाही’. तुम्हीच स्टेपल केलेला कागद उपलब्ध नाही! डॉक्टर म्हणाले, एनटी आणि रक्त एकत्र धरले तर ही तपासणी डाउन सिंड्रोम असलेल्या शंभर बाळांतली नव्वदच्या आसपास हेरते, नुसत्या रक्तावर त्यापेक्षा बरीच कमी.

त्यांनी 16 जूनलाच तुम्हाला मेल केला. रक्त पुन्हा घ्यायचे नव्हते, फक्त आठवडे आणि एनटी भरून हिशेब परत करायचा होता. त्याला अकरा दिवस लागले. त्या अकरा दिवसांत माझ्या माहेरी कुणी ‘तसे’ आहे का, याची चौकशी झाली. ग्रहणात मी बाहेर पडले होते का, हेही विचारून झाले. सासूबाई माझ्या बाजूने उभ्या राहिल्या, पण त्यांचाही डबा तसाच परत यायचा. गर्भजल तपासणी सोळाव्या आठवड्याच्या सुमारास करू, तिच्यात थोडा का होईना गर्भपाताचा धोका असतो, हे ऐकून माझे पती कॅलेंडरवर आठवडे मोजत बसलेले मी पाहिले आहेत.

27 जूनला नवा रिपोर्ट आला: 1:1840, हिरवी पट्टी. त्यावर ‘सुधारित’ हा शब्द नाही, तारीख जुनीच, आधीच्या रिपोर्टचा उल्लेख नाही. जणू काही घडलेच नाही.

मला सगळ्यात जास्त खुपते ते वेगळेच. माझ्या बाबतीत चूक लाल बाजूला झाली, म्हणून ती सापडली. एखादीची तारीख उलट चुकली असेल, बाळ दहा दिवसांनी लहान धरले गेले असेल, तर तिचा धोका याच हिशेबाने कमी दिसेल. हिरवी पट्टी बघून ती पेढे वाटेल. ती तुमच्याकडे तक्रार करायला कधीच येणार नाही. म्हणून सोनोग्राफी जोडलेली असताना आणखी किती रिपोर्ट नुसत्या पाळीच्या तारखेवर निघाले, हे तपासून मला आणि त्या बायकांच्या डॉक्टरांना लेखी कळवावे.

माझ्या रिपोर्टवर ‘सुधारित’ असे छापून, कारणासह, सहीनिशी नवी प्रत द्यावी. डबल मार्करचे 2,400 आणि आगाऊ घेतलेले 2,000 असे 4,400 रुपये परत करावेत. ते 2,000 ‘प्रोसेसिंगमध्ये’ आहेत असे तीनदा ऐकून झाले आहे. आणि लाल रिपोर्ट गेलेल्या बाईला पहिला फोन विक्री विभागाचा जाऊ नये, जाणकार माणसाचा जावा. 15 दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन.

कृपया फोन करू नये. तुमचा नंबर दिसला की अजून पोटात गोळा येतो.

आपली,
(सही)

सोबत: दोन्ही रिपोर्ट, सोनोग्राफी रिपोर्ट, पावती आणि डॉक्टरांच्या मेलची प्रत